आईवडिलांच्या आठवणीने हसावे का?

नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. या दिवसांत आपण दफनभूमीत जातो, कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. घरी परतल्यावर दिवंगतांच्या गोष्टी निघतात आणि बोलता बोलता कुणाला तरी हसू फुटते. लगेच एखादे वडीलधारे माणूस दटावते, "गेलेल्यांची थट्टा करू नये!" आईवडिलांचा मान राखावा ही परमेश्वराची आज्ञा त्यांच्या मृत्यूनंतरही आपल्यावर बंधनकारक आहे. मग त्यांच्या आठवणीने हसणे हा त्या आज्ञेचा भंग ठरतो काय?

आमच्या वडिलांनी भिंतीवरचे घड्याळ पंधरा मिनिटे पुढे लावून ठेवले होते. रविवारच्या पहिल्या मिस्सेला कुणाला उशीर होऊ नये, हा त्यामागचा हेतू. आईला हे ठाऊक असल्याने ती मनातल्या मनात वीस मिनिटे वजा करी. त्यामुळे आम्ही चर्चमध्ये शिरेपर्यंत पश्चात्तापाची प्रार्थना आटोपलेली असे, आणि परतीच्या वाटेवर दोघेही चूक दुसऱ्याचीच कशी, हे हिशेबानिशी सिद्ध करीत.

दिवसभर वाडीत राबलेले वडील संध्याकाळी जपमाळेच्या वेळी पेंगत. एकदा लितानी चालू असताना आईने मध्येच विचारले, "अहो, विहिरीवरचा पंप बंद केलात का?" डोळे न उघडता वडील भक्तिभावाने उत्तरले, "आमच्यासाठी विनंती कर." आईला हसू आवरेना. पंप मात्र चालूच होता.

दोघांच्या निधनानंतर आम्ही स्मरणपत्रिका छापल्या. त्यांत 'प्रेमळ', 'कष्टाळू', 'देवभीरू' असे शब्द होते. ते खोटे नव्हते. परंतु कोणत्याही घरच्या आईवडिलांना ते शोभले असते. ज्या नातवंडांनी आजीआजोबांना पाहिलेच नाही, त्यांना ते भेटतात ते घड्याळाच्या गोष्टीतून.

आणखीही एक गोष्ट सांगायला हवी. वडिलांचा राग कडक होता. त्याची सल आमच्या थोरल्या भावाच्या मनात पुष्कळ वर्षे होती. वडिलांचा विषय निघाला की तो उठून जाई. एके वर्षी तीच घड्याळाची गोष्ट त्याने स्वतः हसत सांगितली, तेव्हा त्याच्या मनाची गाठ सैल होऊ लागल्याचे आम्हां भावंडांना उमगले. उपदेशाने जी क्षमा साधली नव्हती, ती हसण्याच्या वाटेने आली.

बायबलनेही वडीलधाऱ्यांच्या अशा आठवणी लपवलेल्या नाहीत. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून अब्राहाम हसला, साराही हसली, आणि वर 'मी हसलेच नाही' म्हणून तिने कानांवर हात ठेवले. त्यांच्या पुत्राच्या इसहाक या नावातच ते हसू आहे. मात्र त्याच उत्पत्तीच्या पुस्तकात नोहाचा पुत्र हामही भेटतो. मद्याच्या धुंदीत उघड्या पडलेल्या पित्याची गोष्ट तो बाहेर जाऊन सांगतो. शेम व याफेथ मात्र पाठमोरे चालत जाऊन पित्यावर पांघरूण घालतात. आठवणींची मर्यादा इथे ध्यानात येते. जे ऐकून आईवडील स्वतःही हसले असते, ते अवश्य सांगावे. जे ऐकून त्यांची मान खाली गेली असती, त्यावर पांघरूण घालावे.

ख्रिस्तसभा १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण साजरा करते आणि २ नोव्हेंबरला सर्व मृतांसाठी प्रार्थना करते. आपले आईवडील निर्दोषच होते असे म्हटले, तर त्यांच्यासाठी मिस्सा कशासाठी अर्पण करावी? प्रार्थना करताना आपण त्यांच्या उणिवा मान्य करतो आणि त्यांसह त्यांना देवाच्या दयेवर सोपवतो. प्रेमाने हसतानाही आपण हेच करत नाही काय? म्हणून मृतांच्या महिन्यात डोळे पाणावले तर पाणावू द्यावेत, आणि पाठोपाठ हसू आले तर त्यालाही घरात जागा द्यावी. मान राखण्याची तीही एक रीत आहे.