उत्क्रांती म्हणजे वर चढणे नव्हे

आपली मुले दहावीच्या विज्ञानात ‘उत्क्रांती’ शिकतात. हा शब्द आपल्या घरात कसा वापरला जातो, याकडे आपण लक्ष द्यावयास हवे.

शब्द जुना आहे. ‘उत्’ म्हणजे वर किंवा बाहेर. वेदान्ताच्या ग्रंथांत जीव देह सोडून जातो, त्याला उत्क्रांती म्हणतात. आत्मा न मानणाऱ्या आपणांस तो अर्थ कामाचा नाही. पुढे जीवशास्त्रात हाच शब्द रूढ झाला आणि त्यातला ‘वर’ लोकांच्या मनात तसाच राहिला. डार्विनने मात्र १८५९ च्या आपल्या ग्रंथात ‘बदल होत चालत आलेला वंश’ अशा अर्थाचे शब्द वापरले होते. त्यांत वर-खाली काही नाही.

आपल्या बारवी धरणाचेच पाहा. नदी अडविली आणि वाहत्या पाण्याच्या जागी साचलेले पाणी आले. एकाच माशाची पिलेही हुबेहूब सारखी नसतात. साचलेल्या पाण्यात ज्यांचा निभाव लागेल ती जगतील, त्यांचाच वंश वाढेल, आणि पुष्कळ पिढ्यांनी त्या माशाचे रूप पालटू शकेल. पाणी पुन्हा वाहू लागले, तर तोच मासा दुबळा ठरेल. मग श्रेष्ठ मासा कोणता? हा प्रश्नच येथे लागू पडत नाही.

उल्हासनगर-अंबरनाथकडून धरणावर सहलीला जाणारे शिकलेले लोक कातकरी-ठाकरांच्या वाड्या पाहून म्हणतात, “हे अजून उत्क्रांत झाले नाहीत.” असे बोलणाऱ्यांत आपलीही माणसे असतात, म्हणून हे लिहावे लागते. जीवशास्त्राच्या दृष्टीने सर्व मानव मिळून एकच जाती आहे. कातकऱ्याचा वंश आणि आपला वंश सारखाच जुना. त्याच्या वाट्याला जमीन आली नाही, शाळा उशिरा आली, याचे कारण त्याच्या रक्तात नाही. जातिभेद हा वंशभेद नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले आहे. आपल्या वाडवडिलांना ‘पूर्वजन्मीचे कर्म’ म्हणून खाली बसविले. तेच काम आता विज्ञानाच्या शब्दाकडून करून घ्यावयाचे काय? श्रेणीबद्ध विषमता अशीच आपल्या तोंडून बोलते.

आणखी एक. काही वक्ते १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतराला ‘समाजाची उत्क्रांती’ म्हणतात. नागपुरात लाखो लोकांनी विचार करून निर्णय घेतला होता. उत्क्रांतीत कोणी निर्णय घेत नसतो. त्याला परिवर्तन म्हणावे.