यंत्रवध

व्याकरणात प्रथमपुरुष म्हणजे मी. संगणकावरील खेळांच्या एका जातीला इंग्रजीत हेच नाव पडले आहे : फर्स्ट पर्सन शूटर, म्हणजे प्रथमपुरुषी नेमबाजी. या खेळांत नायक पडद्यावर दिसत नाही. दिसतो एक हात, त्या हातातील बंदूक आणि तिच्यापुढे पसरलेले जग. नायकाची जागा रिकामी ठेवलेली असते. ती ज्याची त्याने भरायची. कादंबरी वाचताना आपण दुसऱ्याच्या 'मी'मध्ये शिरतो खरे, परंतु त्याच्या कृत्यांपासून चार पावले दूर उभे राहण्याची मुभा आपल्याला असते. येथे ती नाही. पडद्यावर जे घडते ते 'मी' केलेले असते. मग अशा करण्याला काही नैतिक वजन आहे काय?

हा प्रश्न मनात घेऊन मी अलीकडे एक विसरलेला खेळ पुन्हा खेळलो. अमेरिकेतील बेथेस्डा सॉफ्टवर्क्स या कंपनीने १९९५ साली काढलेला 'द टर्मिनेटर : फ्यूचर शॉक'. आजच्या संगणकावर तो सरळ चालत नाही. जुन्या संगणकाचे सोंग आणणारी डॉसबॉक्स नावाची प्रणाली घ्यावी लागते. जेम्स कॅमेरॉनच्या १९८४ आणि १९९१ च्या दोन 'टर्मिनेटर' चित्रपटांतील जग त्यात उभे केले आहे. २९ ऑगस्ट १९९७ या दिवशी स्कायनेट नावाची यंत्रबुद्धी अणुयुद्ध पेटवते, तीन अब्ज माणसे मरतात आणि उरलेल्यांच्या मागे पोलादी सांगाडे लागतात, ही त्या चित्रपटांतील कल्पना. (ती तारीख उलटूनही आता बरीच वर्षे झाली, भाकिताचे वय असे लवकर सरते.) खेळात आपण यंत्रांच्या छळछावणीतून निसटलेला एक बंदिवान असतो आणि उद्ध्वस्त लॉस एंजेलिसमध्ये जॉन कॉनरच्या बंडखोरांना जाऊन मिळतो.

हा खेळ मागे का पडला, याचे मला नवल वाटते. १९९३ च्या 'डूम'मध्ये राक्षस म्हणजे सपाट चित्रे होती, आणि मान वर करून पाहण्याची सोयच नव्हती. 'फ्यूचर शॉक'ने शत्रूला त्रिमितीत घडवले, आणि माऊस हलवला की नजर चहूकडे, वरखाली फिरेल अशी व्यवस्था केली. पुढल्या वर्षी 'क्वेक' आला आणि सारा मान घेऊन गेला. वास्तविक त्यात मोकळी नजर हवी असेल तर वेगळी आज्ञा द्यावी लागे. आद्यत्वाचा मान पहिल्याला मिळतोच असे नाही. ज्याच्या घरी गर्दी जमते त्याला तो मिळतो. पण हे जाऊ द्या.

शत्रू यंत्र आहे, ही या खेळाची मोठी सोय. यंत्राला विधवा नाही, पोरके मूल नाही. हात मोकळा सुटतो. थोडा विचार केला की मात्र ही सोय फसवी असल्याचे लक्षात येते. दुसऱ्या एखाद्या खेळात शत्रू माणूस असला, तरी तोही आकड्यांचाच बनलेला असतो. पडद्यावरच्या माणसात पडद्यावरच्या सांगाड्याहून कणभरही अधिक प्राण नाही. तरीही एकावर गोळी झाडताना जीव किंचित आखडतो आणि दुसऱ्यावर झाडताना आखडत नाही. म्हणजे भेद मरणाऱ्यात नाही, मारणाऱ्याच्या मनात आहे. आपल्या पूर्वजांनी पापाचे कायिक, वाचिक आणि मानसिक असे तीन प्रकार केले. ज्याच्यामुळे जगात काहीच मोडत नाही, त्यालाही ते पाप म्हणत होते, ही गोष्ट मला आज अधिक पटते.

तथापि असे खेळ खेळून माणसे खुनी होतात, या नेहमीच्या ओरडीत मला सामील व्हायचे नाही. मला खुपते ते निराळेच आहे. ज्या मोकळ्या नजरेचे मी आत्ता कौतुक केले, तिचीच गोष्ट घ्या. डोळा जिकडे वळेल तिकडे बंदूक वळते. पाहणे आणि नेम धरणे या दोन क्रिया येथे एक झाल्या आहेत. पडकी इमारत, तपकिरी आकाश, रिकामा रस्ता यांपैकी काहीही निव्वळ पाहता येत नाही. १९८४ च्या चित्रपटात दिग्दर्शकाने काही क्षण आपल्याला त्या मारेकरी यंत्राच्या डोळ्यांतून पाहायला लावले आहे : सगळे तांबडे, आणि कडेला सरकणारी अक्षरे. ती अक्षरे म्हणजे त्या काळच्या घरगुती संगणकांत चालणाऱ्या ६५०२ या चिपसाठी लिहिलेल्या आज्ञा होत्या. त्या नजरेला जगात दोनच वस्तू दिसतात, लक्ष्य आणि लक्ष्याच्या आड येणारे. अकरा वर्षांनी निघालेल्या या खेळात मी माणसांच्या बाजूने लढतो, पण डोळे मात्र त्या यंत्राचे घेऊन लढतो. खेळ करणाऱ्यांच्या मनात हे होते असे मी म्हणत नाही. बंदूक पडद्याच्या मध्याशी बांधली की एवढे आपोआप घडते.

याउलट १९९१ च्या चित्रपटात यंत्राला एक पोर सांगते की कोणाला मारायचे नाही. यंत्राला कारण कळत नाही, तरी ते वचन देते आणि पाळते; पुढे गोळ्या झाडते त्या पायांवर. हात आखडता घेण्याची मोकळीक तेथे यंत्राला मिळाली. खेळात ती माणसालाही नाही. कळफलकावर पळण्याची कळ आहे, उडी मारण्याची आहे. सोडून देण्याची नाही. पळून जाता येते, पण पळणे म्हणजे क्षमा नव्हे. जेथे न मारण्याचा पर्यायच ठेवलेला नाही तेथे मारण्याला पाप म्हणावे की नाही, येथे माझी बुद्धी अडते. निवड नसेल तर दोष नाही, असे तर्क सांगतो. परंतु खेळ सुरू करण्याची निवड तर माझीच होती, आणि ती मी हौसेने केली.

दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल घेऊन पोरे एकमेकांवर झाडतात, त्यात मला काही वावगे वाटत नाही. कारण समोरचा पोरगा 'मला लागलीच नाही' म्हणून भांडतो. मरायचे की नाही हे त्याच्या हाती असते. कधी तो मनापासून मरतोही, आणि तेव्हा मारणाराच धावत येऊन त्याला उठवतो. पडद्यावरचा सांगाडा कोसळतो तो कोणाशी न भांडता, आणि त्याला उठवायला कोणी जात नाही.

खेळाच्या मध्यावर केव्हातरी मी सगळी यंत्रे पाडलेल्या एका चौकात थांबलो. घाई नव्हती. आकाश तरी नीट पाहावे म्हणून माऊस मागे ओढला. नजर वर गेली आणि तिच्याबरोबर बंदूकही आकाशाकडे वळली.