बंबातला थर

पुणे-सातारा रस्त्यालगतच्या वरवे बुद्रुकसारख्या गावी, जिथे काळ्या कातळात खोदलेल्या विंधणविहिरीचे पाणी घरोघर तापते, तिथे परसातला तांब्याचा बंब असो की न्हाणीघरातला विजेचा गिझर, काही काळाने त्याच्या पोटात पांढुरका, खरखरीत थर धरतो. आणि त्यात धर्मचिंतकाने लक्ष घालावे असे काय आहे, असे कोणी पुसेल, तर त्याची कैफियत अशी.

आपल्या शास्त्रांनी मळ हा बहुधा आगंतुक मानला आहे. वेदान्ती अंतःकरणाचे मल, विक्षेप आणि आवरण असे तीन दोष सांगून त्यांवर अनुक्रमे निष्काम कर्म, उपासना आणि ज्ञान हे उपाय योजतात. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांब्या-पितळेच्या शुद्धीसाठी क्षार, आम्ल आणि उदक यांचा तपशील येतो. गृहीत दोन्हीकडे एकच, की मळ बाहेरून येतो आणि शुद्धिकर्म त्याला घालवते. बंबातला थर नेमकी या गृहीताला हरकत घेतो. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना कर्बवायू सोबत घेऊन खडकातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवते, आणि पेल्यात ते स्फटिकासारखे निर्मळ दिसते. आपल्या सरकारी मानकानेही लिटरमागे २०० मिलिग्रॅम कठिणपणा पिण्यास ग्राह्य धरला असून, दुसरी सोय नसल्यास ६०० पर्यंत मुभा दिली आहे. या पाण्याला ताप लागला की वायू निघून जातो आणि चुना भांड्याला चिकटतो. म्हणजे हा थर घाणीचा नव्हे, स्नानासाठी लावलेल्या तापाचाच तो शेष. आणि पुढे तोच थर ताप आणि पाणी यांच्यामध्ये आडवा बसून इंधन वाढवतो, गिझरची कांडी जाळतो.

तपाचे असेच होत असावे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सत्कार, मान आणि पूजा यांसाठी केलेल्या दांभिक तपाला राजस म्हटले आहे. पण तिथे दोष हेतूचा आहे, आणि माझी शंका त्याच्या अलीकडची आहे. हेतू निर्मळ असूनही थर धरतोच ना? चांगदेवांची कथा पाहावी. चौदाशे वर्षांच्या योगसाधनेनंतर ज्ञानदेवांना पत्र लिहावयास ते बसले, आणि मायन्यापाशीच अडले : वयाने धाकट्याला आशीर्वाद लिहावा, तर तो ज्ञानाने वडील, दंडवत लिहावा, तर वर्षांचा हिशेब आड येतो. सबब कागद कोराच गेला. त्यांच्या मनात कपट होते असे परंपराही म्हणत नाही. साधनेची वर्षेच तेवढी साचली होती.

हा थर काढण्यास उतावळा मनुष्य छिन्नी-हातोडी घेतो, तेव्हा तांब्याला पोचे पडतात आणि गिझरच्या आतील काचेच्या मुलाम्याला तडे जातात. जाणता मनुष्य वीज तोडून, पाणी निवू देऊन, टाकी रिती करून लिंबूसत्त्वाचे पाणी आत भरून ठेवतो. बंब असल्यास चिंच आहेच. आत बारीक फसफस होते, आणि खापरीसारखा झालेला चुना विरघळून तोटीवाटे निघून जातो. अहंकार मारण्यासाठी आणखी कठोर व्रते घेणारा साधक मला पहिल्या जातीचा वाटतो. थरावर तो आणखी जाळ लावतो. ज्ञानदेवांनी चांगदेवांची निर्भर्त्सना केली नाही. पासष्ट ओव्या लिहून त्यांना आपल्याशी एकरूप म्हटले, आणि पुढे मुक्ताबाईने, जी वयाने पोरच होती, त्यांना शिष्य केले.

मग पाणी तापवूच नये काय, असे कोणी म्हणेल. पण मार्गशीर्षातल्या पहाटे भोर-वेल्ह्याकडे हा उपदेश कोणी ऐकणार नाही, आणि तो द्यावाही कशाला? नित्यकर्माने धरणाऱ्या अशा थराची तजवीज शास्त्रकारांनी केलेली होती. पाठ केलेल्या वेदालाही शिळेपणा येतो, असे मानून त्यांनी श्रावणात उपाकर्म, म्हणजे अध्ययनाचा नवा आरंभ, आणि पौष-माघात उत्सर्जन, म्हणजे त्याचा विराम, नेमले, आणि ते अध्ययन टाळणाऱ्यासाठी नव्हे, नित्य करणाऱ्यासाठी. आता त्या श्रावणीतले जानवे बदलणे तेवढे शिरस्त्याने चालू आहे.