शरणागताचें मोल कोणीं द्यावें?

आश्रयास आलेल्या मनुष्यास वैऱ्याच्या हातीं देऊं नये, हें लहान मूलही सांगेल. परंतु त्यास ठेवून घेण्याचें मोल आपणांस नव्हे, तर दुसऱ्यांसच भरावें लागणार असेल तर? राजस्थानांतील रणथंबोरचा इतिहास वाचतांना हा प्रश्न आमच्या मनांत आला, तो वाचकांपुढें ठेवितों.

इ. स. १२९९ त दिल्लीच्या अल्लाउद्दीन खिलजीची फौज गुजराथ लुटून परतत असतां लुटीच्या वाट्यावरून तींतील मोंगल शिपायांनीं बंड केलें. (हे बाबराच्या घराण्याचे मोंगल नव्हत, तो काळ पुढचा.) बंड फसलें, तेव्हां महंमदशहा व त्याचे सोबती पळून रणथंबोरास हमीर चौहानाकडे आले. ते ना त्याच्या जातीचे, ना धर्माचे. तरी त्यानें त्यांस ठेवून घेतलें. सुलतानाची मागणी त्यानें नाकारली व किल्ल्यास वेढा पडला. आंतून यंत्रानें फेंकलेल्या धोंड्यानें नुस्रतखान सरदार मेला, तेव्हां सुलतान स्वतः आला. पुढें जें तलवारीनें झालें नाहीं तें भुकेनें झालें. सोन्याचे दोन दाणे देऊनही तांदुळाचा एक दाणा मिळेना, असें अमीर खुस्रोनें लिहून ठेविलें आहे. १३०१ च्या जुलैंत स्त्रियांनीं अग्निप्रवेश केला, हमीर पडला, व तेथील चौहान राजघराणें संपलें.

हमीराच्या हट्टाची थोरवी आजही गातात, व ती खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पण शब्द त्याचा होता. तो पाळण्यांत गेलेले सगळे प्राण त्याचे नव्हते. कोठार रितें झालें तेव्हां पाणक्याचें मूलही उपाशी राहिलें. त्याच्या आईस कोणीं विचारिलें होतें?

कोणी म्हणेल, मूठभर परके दिले असते तर हजारों वांचले असते. हा हिशेब आम्हांस पटत नाहीं. हे पाहुणे येण्यापूर्वींच, १२९१ त, अल्लाउद्दीनचा चुलता जलालुद्दीन ह्याच किल्ल्यावर चालून येऊन हात हालवीत परतला होता. ज्यास किल्ला हवा त्यास निमित्ताची वाण पडत नाहीं. शिवाय आज परक्यास देऊन वांचणारें गांव उद्यां आपल्यांतील दुबळ्यासही देईल.

आमच्या मतें हमीराची चूक शब्द देण्यांत नव्हती. खजिना भरण्यासाठीं त्याच्या राज्यांत रयतेवर जबर कर बसले, हें त्याचीच कीर्ति गाणाऱ्या नयचंद्र सूरीच्या हम्मीर-महाकाव्यांतही आहे. परक्याची दया आलेल्या राजास घरच्या कुणब्याची आली नाहीं. अशा रयतेकडे प्राण मागावयास त्यास तोंड कोठें होतें? रतिपाल व रणमल्ल हे सरदार शेवटीं शत्रूस मिळाले, त्याचें आम्हांस फारसें नवल वाटत नाहीं.

किल्ला पडल्यावर जखमी महंमदशहास सुलतानापुढें आणिलें. तुला बरें केलें तर काय करशील, असें विचारतां, तुला मारून हमीराच्या मुलास गादीवर बसवीन, असें तो म्हणाल्याची कथा आहे. त्यास हत्तीच्या पायीं दिलें. मागाहून मात्र सन्मानानें पुरविलें. फितूर झालेला रणमल्ल बक्षिसाची वाट पाहात होता. त्यासही सुलतानानें ठार करविलें.