मिटल्या डोळ्यांची दुकानदारी

डोळे मिटा, हवा तो बंगला डोळ्यांसमोर आणा, तो मिळालाच म्हणून समजा, अशा बोलीवर चालणाऱ्या कार्यशाळांना परदेशी दाखल्यांचा कंटाळा आलेला दिसतो. आता दाखला तंजावरचा निघतो. तिथली सोन्याच्या वर्खाची चित्रं म्हणजे आपल्या पूर्वजांची मनश्चित्र-चिकित्सा. त्यांच्यासमोर बसून ध्यान केलं की स्मरणशक्ती वाढते आणि दुखणी पळतात, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. तंजावरच्या मराठी दरबाराची आठवण महाराष्ट्राला एरवी फारशी येत नाही, त्यामुळे ऐकणाराही सुखावतो.

ती चित्रं घडतात कशी, हे मात्र कुणी विचारत नाही. फणसाच्या लाकडाची फळी, तिच्यावर डकवलेलं कापड, त्यावर खडूची भुकटी आणि चिंचोक्याची खळ यांचे थर. वाळलं की घासून गुळगुळीत करायचं, मग रेखाटन, उठावाचं काम, खडे बसवणं, वर्ख, रंग. लोणी खाणारा गुबगुबीत बाळकृष्ण चित्रकाराला समाधीत दिसलेला नसतो. गुरूच्या हाताखाली वर्षानुवर्षं गिरवून तो बोटांत उतरलेला असतो.

चित्र आणि उपचार यांची गाठ तंजावरात खरोखर पडली होती, पण ती वेगळ्या ठिकाणी. तंजावरचे दुसरे सर्फोजीराजे (1777–1832) 1798 साली गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या तहात राज्यकारभार गमावून बसले. हाती उरला किल्ला, तनखा आणि भरपूर वेळ. या राजाने उरलेलं आयुष्य नुसत्या नाचगाण्यात घालवलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. पण श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेल्या सर्फोजींनी देवनागरी छापखाना घातला, त्यातून 1806 साली इसापच्या गोष्टींचं मराठी ‘बालबोध मुक्तावली’ बाहेर काढलं, सरस्वती महाल ग्रंथालय देशोदेशींच्या ग्रंथांनी भरलं आणि धन्वंतरी महाल नावाची आरोग्यशाळा चालवली.

त्या काळच्या नेत्ररुग्णांच्या चाळीसहून अधिक नोंदी या ग्रंथालयात आहेत. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या डॉक्टरांनी त्यांचा अभ्यास केला आहे. रुग्णाची तक्रार, तपासणीत काय आढळलं, उपचार कोणता केला आणि काही नोंदींसोबत त्याच रुग्णाच्या डोळ्याचं चित्र, असं त्यांचं स्वरूप. फोटोग्राफीचा शोध जगासमोर आला 1839 साली, म्हणजे राजांच्या निधनानंतर सात वर्षांनी. तेव्हा डोळा टिपायचा तर हातानेच.

हाताने डोळा काढण्याची एक शिस्त असते. ‘डोळा लाल आहे’ एवढं लिहून वैद्याला मोकळं होता येतं; चित्रकाराला येत नाही. लाली कोपऱ्यात आहे की सगळीकडे पसरलीय, पांढुरका पडदा बाहुलीच्या मधोमध आहे की कडेने सरकतोय, त्याला धार आहे की तो विरत गेलाय, हे ठरवल्याशिवाय कुंचला पुढे सरकत नाही. न पाहिलेलं लिहिता येतं, काढायला बसलं की पकडलं जातं. शिवाय तोच रुग्ण महिन्याने आला तर कागद त्याच्या चेहऱ्याशेजारी धरता येतो. सुधारणा झाली की नाही, याचा निकाल वैद्याच्या मनातल्या आठवणीवर सोडावा लागत नाही.

मग कागदावर उतरलं की झालं? त्याच ग्रंथालयाच्या संग्रहालयात चौदाव्या लुईचा दरबारी चित्रकार शार्ल ल ब्रँ याची चित्रं मांडली आहेत: घुबडासारखा माणूस, उंटासारखा माणूस, चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याची विद्या. रेषा इतकी देखणी की बघता बघता पटतं. ज्ञान म्हणून किंमत शून्य. कारण घुबडतोंड्या माणूस पुढच्या महिन्यात परत येऊन चित्राला खोटं पाडत नाही. तेव्हा कागदाचंही फार कौतुक नको. चित्राला कुणीतरी तपासणारं हवं.

आणि तपासणारं कुणी असेल, तर मिटल्या डोळ्यांमागचं चित्रही कामाला येतं, हे मान्य करावं लागतं. अल्वारो पास्क्वाल-लिओने आणि सहकाऱ्यांनी 1995 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांनी पाच दिवस, रोज दोन तास, पियानोवरचा पाच बोटांचा धडा हात न हलवता नुसता मनात वाजवला. बोटांचा ताबा घेणाऱ्या मेंदूच्या भागात बदल झाले, वाजवणंही सुधारलं. प्रत्यक्ष वाजवणारे पुढेच राहिले, पण मनात वाजवणारे अगदीच मागे पडले नाहीत. त्यांनी मनात बघितला होता तो एकेका बोटाचा क्रम. टाळ्यांचा कडकडाट नव्हे. बंगलेवाल्यांना हा फरक परवडत नाही. 1999 साली लिएन फॅम आणि शेली टेलर यांनी कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला परीक्षेआधी उत्तम गुण मिळाल्याचं चित्र रंगवायला सांगितलं आणि दुसऱ्याला अभ्यास करत असल्याचं. दुसऱ्या गटाने अभ्यासही जास्त केला आणि गुणही जास्त मिळवले. गुणांची स्वप्नं बघणाऱ्यांनी पुस्तक कमी उघडलं!

आजारपणात ही दुकानदारी निव्वळ विनोदी राहत नाही. अमेरिकन डॉक्टर कार्ल सायमंटन यांनी 1970 च्या दशकात कर्करुग्णांना सांगायला सुरुवात केली की आपल्या पांढऱ्या पेशी गाठीवर तुटून पडताहेत असं चित्र मनात आणा. अशा कल्पनांनी भीती आणि मळमळ कमी होऊ शकते, आणि ते थोडं नाही. आयुष्य वाढल्याचा भरवशाचा पुरावा मात्र मिळाला नाही. त्यापेक्षा तमिळनाडूत जन्मलेले, चेन्नईत वैद्यक शिकलेले व्ही. एस. रामचंद्रन यांचा आरसा पाहावा. कापलेल्या हाताच्या जागी वेदना होणाऱ्या रुग्णापुढे त्यांनी उभा आरसा ठेवला. शाबूत हाताचं प्रतिबिंब हरवलेल्या हाताच्या जागी दिसू लागलं. मूठ उघडली की ‘तो’ हातही उघडतो, आणि काहींची आवळलेली वेदना सैल होते. सगळ्यांना गुण येत नाही, पण ज्याला येतो त्याला आधी श्रद्धेची अट घातलेली नसते.

अट येते ती कार्यशाळेत. काही माणसांना मनात चित्र दिसतच नाही. फ्रान्सिस गाल्टनने 1880 साली लोकांना सकाळच्या न्याहारीचं टेबल आठवायला सांगितलं, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी असं काही दिसत नसल्याचं कळवलं. अ‍ॅडम झेमन यांनी 2015 साली या अवस्थेला ‘अ‍ॅफॅन्टेशिया’ हे नाव दिलं. पिक्सार ही अ‍ॅनिमेशन कंपनी उभी करणारे एड कॅटमुल त्यांतलेच. हयात अ‍ॅनिमेशनमध्ये गेली आणि डोळे मिटले की अंधार! त्यांचं काही अडलं नाही. पण असाच एखादा गृहस्थ हजारो रुपये भरून सतरंजीवर बसला आणि त्याला काहीच दिसलं नाही, तर त्याला ऐकवलं जातं की तुझ्या मनात अडथळा आहे, पुढच्या पातळीचं शिबिर कर. तोच न्याय कर्करोगाला लावला की गाठ वाढल्याचा दोषही रुग्णाच्याच पदरात पडतो. पैसे परत मिळत नाहीत ते नाहीत, वर आजारी माणसाने स्वतःलाच बोल लावत बसायचं.