सामायिक वही

आमच्या गांवाबाहेरच्या तलावावर गेलीं बारा वर्षें आम्ही कांहीं मंडळी दर रविवारीं सकाळीं पांखरें मोजीत असतों. मंडळींत एक दंतवैद्य आहेत, दोन शाळामास्तर आहेत, बँकेंतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ आहेत, आणि आयुष्यभर कॉलेजांत तर्कशास्त्र शिकवून स्वतःच्या घरांत एकहि वाद न जिंकलेले आम्ही आहों. पाळीपाळीनें एकेकानें मोजावें, एका जाड वहींत आंकडे लिहावे, आणि वर्षअखेरीस त्यांची नक्कल करून ज्या छांदिष्टांना हवी असेल त्यांना ती द्यावी, असा आमचा संकेत आहे. यांत पैसा नाहीं, मान नाहीं, सक्ती तर नाहींच. म्हणूनच एक प्रश्न बरेच दिवस आमच्या मनांत घोळत आहे. जें काम आपण केवळ हौसेनें अंगावर घेतलें, तें टाकण्याची मोकळीकहि आपणांस तितकीच आहे काय?

प्रथमदर्शनीं उत्तर सोपें वाटतें. हौस आणि सक्ती एका घरांत नांदत नाहींत. आठवडाभर नोकरीचें जूं मानेवर वागविणाऱ्या माणसाकडे रविवारच्या दोन तासांचीहि कोणी हजेरी मागूं लागला, तर त्यानें दुर्बीण कपाटांत ठेवून दिल्यास त्याला दोष देतां येणार नाहीं. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आमच्या वाचकांनीं लहानपणीं ऐकलेली असेलच. राजाच्या हुकुमानें गांवचें सारें दूध गाभाऱ्यांत ओतलें गेलें, वासरें-लेंकरें उपाशीं राहिलीं, तरी गाभारा भरला नाहीं. घरच्या सर्वांना तृप्त करून मग म्हातारीनें आणलेल्या खुलभर दुधानें तो भरला. छांदिष्टांच्या मंडळांनीं ही कहाणी आपल्या नियमांच्या माथ्यावर छापावी असें आम्हांस वाटतें. मात्र तींतली एक गोष्ट सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. म्हातारीनें आणलें तें थोडें होतें, पण तें दूध होतें.

अशा थोड्याथोड्यानें केवढें भांडार भरतें, याचें उदाहरण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. 15 सप्टेंबर 1883 रोजीं मुंबईंत आठ गृहस्थांनीं एकत्र येऊन मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. आपण पाहिलेलें एकमेकांस सांगावें, जमविलेले नमुने एकमेकांस दाखवावे, एवढाच त्यांचा बेत. 1886 पासून संस्थेचें नियतकालिक निघूं लागलें. त्यांतील विद्वत्तापूर्ण लेखांविषयीं आम्हांस आदर आहे. पण गोडी वाटते ती मागल्या पानांवरच्या संकीर्ण टिपणांची. कोणी वनाधिकारी, कोणी चहाच्या मळ्यावरचा, कोणी पलटणींतला डॉक्टर. अमक्या दिवशीं अमक्या ओढ्याकांठीं अमक्या पक्ष्याचें घरटें पाहिलें, अंडीं तीन, एवढेंच लिहावयाचें आणि खालीं सही करावयाची. असल्या दहा ओळींनीं कोणाचें नांव अजरामर होत नाहीं. पण त्या पाऊणशें वर्षें सांचत गेल्या, आणि सालिम अली व डिलन रिप्ले यांनीं 1968 ते 1974 या काळांत आपल्या उपखंडांतील पक्ष्यांविषयीं दहा खंड प्रसिद्ध केले, त्यांच्या पायांत हीं बारीक टिपणें पडलेलीं आहेत. अमेरिकेंत 1900 च्या नाताळांत फ्रँक चॅपमन यांनीं पांखरें मारण्याच्या चढाओढीऐवजीं तीं मोजण्याची टूम काढली, तेव्हां पहिल्या वर्षीं अवघीं 27 माणसें पुढें आलीं होतीं. ती मोजणी अद्याप चालू आहे.

याच्या उलट चित्र ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्या चरित्रांत दिसतें. राष्ट्रसभेचे एक जनक म्हणून आपण त्यांना ओळखतों. पण त्यांचा खरा जीव पांखरांत होता. देशभरच्या छांदिष्टांकडून टिपणें व नमुने मागवून 1872 पासून ते ‘स्ट्रे फेदर्स’ नांवाचें नियतकालिक चालवीत. देणारे पुष्कळ होते, परंतु सांठवण एका घरांत होती. भारतीय पक्ष्यांवरील नियोजित महाग्रंथाचीं हस्तलिखितें सिमल्याच्या बंगल्यांत पडून असतां, 1884 च्या सुमारास, मालक परगांवीं असल्याची संधि साधून एका नोकरानें तीं बाजारांत रद्दीच्या भावानें विकून टाकलीं. ह्यूमनीं हाय खाल्ली, आणि 1885 मध्यें आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश म्यूझियमला देऊन या नादांतून ते बाहेर पडले. त्या नोकराला आम्ही फारसें बोल लावीत नाहीं. त्याच्या लेखीं ते कागदच होते. प्रश्न एवढाच कीं, इतक्या जणांनीं दिलेल्या ज्ञानाची किल्ली एकाच खिशांत कां असावी?

तेव्हां काम वांटून घ्यावें हें खरें. पण वांटणी करावयास बसलें म्हणजे पंचाईत सुरू होते. कारण या कामाचे सर्व वांटे सारखे नसतात. नवा पक्षी दिसला कीं तो प्रथम आपण पाहिला असें सांगावयास पांच जण असतात. मागल्या वर्षाचे आंकडे नकलून काढावयास एकहि नसतो. ओळख चुकली आहे, हें दुसऱ्याला न दुखवितां सांगणें हें तर सर्वांत अवघड काम, आणि त्याबद्दल कोणी आभारहि मानीत नाहीं. आमच्या मंडळांत हीं सारीं नीरस कामें बँकवाल्या गृहस्थांकडे केव्हां गेलीं तें कोणाच्या लक्षांतहि आलें नाहीं. आपल्या शास्त्रकारांनीं मनुष्य तीन ऋणें घेऊन जन्मतो असें सांगितलें, त्यांत ऋषिऋण हें अध्ययनानें फिटतें असें म्हटलें आहे. आम्ही मात्र ऋषींचे पैसे त्यांच्या हातांनीं भरीत होतों. आणि ऋषि तरी कोण? कपाळावर पांढरा टिळा घेऊन पाण्यावर डुलत जाणाऱ्या काळ्या पक्ष्याला ‘वारकरी’ म्हणावें, हें ज्या कोळ्याला किंवा गुराख्याला प्रथम सुचलें, त्याची सही कोणत्याहि वहींत नाहीं.

असो. काम टाळणें हा दोष खराच, पण तो सांवरतां येतो. त्याहून गंभीर दोष कोणता, तें एका घुबडाच्या गोष्टींतून कळतें. रानपिंगळा या लहानशा घुबडाचें वर्णन ह्यूमनींच 1873 मध्यें प्रथम छापलें. पुढल्या दहाएक वर्षांत जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानें खानदेशांत त्याचे कांहीं नमुने मिळविले. 1884 नंतर तो पक्षी जणूं नाहींसा झाला. एक अपवाद होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित पक्षिज्ञानें 1914 मध्यें गुजरातेंतील मांडवी येथें आपण तो मिळविल्याची चिठ्ठी एका नमुन्याला बांधलेली होती. साहजिकच शोध करणारे तिकडे वळले, आणि हात हलवीत परत आले. पुढें पामेला रासमुसेन यांनीं कातडें तयार करण्याची पद्धत व आंतला भरणा बारकाईनें तपासला, तेव्हां तो नमुना डेव्हिडसनचाच असून संग्रहांतून चोरून त्याला खोटी चिठ्ठी लावलेली आहे असें निष्पन्न झालें. मांडवी सोडून त्या व त्यांचे सोबती डेव्हिडसनच्या खानदेशाकडे आले. आणि नोव्हेंबर 1997 मध्यें शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशीं, रानपिंगळा झाडावर बसलेला सांपडला. डेव्हिडसननें खरें लिहिलें होतें, तें 113 वर्षांनीं कामास आलें.

माइनर्ट्झहागेनला नांवें ठेवणें सोपें आहे, आणि आम्हीहि तीं वर्गांत कित्येकदां ठेविलीं आहेत. पण दोन वर्षांपूर्वीं भाद्रपदांत एका रविवारीं आमची पाळी होती. पहांटेपासून मुसळधार पाऊस. आम्ही अंथरुणांतून उठलों नाहीं. सायंकाळीं वही उघडली. मागल्या रविवारीं टिबुकल्या 41 होत्या, म्हणून आम्हीं 38 लिहिल्या. तीन कमी लिहिल्यानें आंकडा खरा वाटतो, एवढें तर्कशास्त्र आम्हांस येत होतें. कोरी जागा सोडण्याची लाज वाटली. खोटा आंकडा लिहिण्याची वाटली नाहीं. आपला वांटा शंभरांतला एक, त्यानें काय बिघडतें, हा विचार त्या वेळीं मनांत स्पष्ट आला होता हेंहि कबूल केलें पाहिजे.

त्या आठवड्यांत तलावांत गणपतींचें विसर्जन झालें. पुढल्या रविवारीं मास्तरांनीं मोजल्या तेव्हां टिबुकल्या 9 भरल्या. हिवाळ्यांत बँकवाल्या गृहस्थांनीं बारा वर्षांचे आंकडे मांडले, आणि नगरपालिकेला एक सविस्तर अर्ज लिहून सहीसाठीं आमच्याकडे आणला. विसर्जनापूर्वीं 38, विसर्जनानंतर 9. तलावांतलें विसर्जन बंद करावें. अर्जाचा सारा भार त्या 38 वर होता. कदाचित् त्यांचें म्हणणें खरेंहि असेल. मूर्तींच्या रंगांनीं पाणी बिघडतें हें कोण नाकारील? पण पांखरें आधींच्याच आठवड्यांत, त्या पावसांत, गेलीं असलीं तर? तें सांगूं शकणारा पुरावा आम्हीं अंथरुणांत घालविला होता. चांगल्या हेतूच्या कामाला आपली लबाडी उपयोगी पडत असतां गप्प बसावें काय, हा प्रश्न आम्हीं परीक्षेच्या कागदांत अनेकदां घातला आहे. त्याचें उत्तर देण्यास आम्हांस त्या दिवशीं जवळजवळ अर्धा तास लागला, आणि तेवढ्यांत त्यांचा चहा निवून गेला.

त्यांनीं ऐकून घेतलें. रागावले नाहींत, ते रागावले असते तर बरें झालें असतें. अर्जाची घडी घालून त्यांनीं ती कोटाच्या खिशांत ठेविली, वही मागवून घेतली, लाल शाईनें 38 वर एक सरळ रेघ ओढली आणि बाजूला लिहिलें, “पाऊस. मोजणी झाली नाहीं.” त्याखालीं सही मात्र आम्हांस करावयास लाविली. मग चष्मा पुसून त्यांनीं विचारलें, “गेल्या वर्षाची नक्कल अजून व्हावयाची आहे. आपण कराल काय?”

ती आतां 112 व्या पानापर्यंत आली आहे.