लांकूड कीं पोलाद?

घरांतील वाद किती दिवस चालावा हें त्या वादाच्या विषयाच्या थोरवीवर मुळींच अवलंबून नसतें. राजगुरुनगरांत, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडीं अद्याप असलेल्या खेडांत, आमच्या घरीं दोन महिने जो वाद चालला त्याचा विषय इतकाच होता कीं, स्वयंपाकघरांतील कपाटें लांकडाचीं करावीं कीं पोलादी पत्र्याचीं. जुनें घर गेल्या वर्षीं पाडलें. त्याच जागीं नवें उभें राहिलें. स्वयंपाकघर तेवढें अपुरें होतें. जुन्या घरांत भिंतींत बसविलेलें सागवानी फडताळ होतें. माझ्या आजोबांनीं तें गांवच्या सुताराकडून करवून घेतलें होतें. भिंत गेली तेव्हां फडताळ जपून काढून बाजूस ठेवलें, आणि तें तेथें पडल्या पडल्याच वादाचें कारण झालें.

वादाचे पक्ष चमत्कारिक पडले. मी आणि चिरंजीव लांकडाच्या बाजूस. सूनबाई आणि आमचें कुटुंब पत्र्याच्या. चिरंजीव चाकणच्या एका कारखान्यांत प्रेसवर नोकरीस आहे. मोटारींच्या दारांचा पत्रा दाबून आकारास आणणें हें तेथलें काम. "दिवसभर पत्र्याचाच आवाज ऐकतों, घरीं तरी लांकूड असूं द्या," एवढेंच त्याचें म्हणणें. माझें म्हणणें अधिक भारदस्त होतें. लांकडाला झाडाचा जन्म आहे, वय आहे, अंगावर रेषा आहेत; माणसाच्या हातानें तें वर्षानुवर्षें गुळगुळीत होत जातें; पत्र्याला कूळ नाहीं कीं शील नाहीं, असें मी बोलत असें. बोलतांना मला स्वतःचें थोडें कौतुकहि वाटे. असें कौतुक वाटूं लागलें कीं माणसानें सावध व्हावें, हें मला उशिरा सुचलें.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. ज्या लांकडाचा कैवार घेऊन मी उभा होतों तें आमच्या ऐपतींतल्या बाजारांत उरलेंच नव्हतें. अस्सल सागवानाची किंमत ऐकून मी दुकानाची पायरी उतरलों. मग जें 'लांकूड' म्हणून दाखविण्यांत आलें तें प्लायवूड, म्हणजे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटविलेले. त्याहून स्वस्त तें भुशाचे दाबलेले फळकूट. दोहोंसहि बांधून ठेवणारा बहुधा डिंकच, आणि त्या डिंकांत सामान्यतः फार्मॅल्डिहाइड असतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं हें द्रव्य मनुष्यास कर्करोगकारक ठरविलें. त्याचें प्रमाण बरेंच कमी केलेले प्रकारहि मिळतात, हें सांगणें न्यायाचें आहे. परंतु माझ्या व्याख्यानांतील झाड, वय आणि रेषा यांचा त्या फळ्यांशीं फारसा संबंध उरला नव्हता. सागवान आपल्या अंगच्या तेलामुळें वाळवीस दाद देत नाहीं. भुशाचें फळकूट मोरीच्या ओलाव्यानें दोन पावसाळ्यांत फुगतें. मी आजोबांच्या फडताळाची कीर्ति या दूरच्या नातलगास वारसाहक्कानें देऊं पाहत होतों.

दुसरी गोष्ट अशी कीं, धातूचें आमच्या स्वयंपाकघरास वावडें कधींच नव्हतें. तांब्यापितळेचीं भांडीं गेलीं, त्यांच्याबरोबर दारीं येणारा कल्हईवाला गेला, आणि त्या जागीं स्टेनलेस स्टील आलें. १९१३ सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली हा गृहस्थ बंदुकीच्या नळीसाठीं टिकाऊ पोलाद शोधीत असतां त्यास न गंजणारें पोलाद सांपडलें. तोफखान्याचें संशोधन सुऱ्याकांट्यांच्या कामीं आलें. अशा पोलादांत शेंकडा साडेदहा किंवा अधिक क्रोमियम असतें. भांड्यांसाठीं उत्तम समजल्या जाणाऱ्या जातींत तें अठराच्या आसपास आणि निकेल आठच्या आसपास. ताटांसाठीं खांचा असलेली स्टीलची मांडणी तर मराठी घराची खूणच होऊन बसली. गोदरेजांनीं १९२३ च्या सुमारास पोलादी कपाटें करण्यास आरंभ केला, आणि पुढें लग्नांतले शालू व दागिने त्या कपाटांत गेले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठीं लाखों पोलादी मतपेट्या विक्रोळीच्या त्यांच्याच कारखान्यांत झाल्या. दागिने आणि मतें पोलादाच्या स्वाधीन करणाऱ्या समाजानें तुरीच्या डाळीपुरतेंच बिचकावें, यांत तत्त्व कमी आणि संवय अधिक असावी.

या संवयीचें एक जुनें उदाहरण महाराष्ट्रास ठाऊक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमिनीस विष चढेल अशा समजुतीनें शेतकरी तो घेईनात. पुढें त्याच नांगरांच्या बळावर १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. यावरून नवें तें सगळें चांगलें असें मी म्हणणार नाहीं. तसें म्हणणारा मनुष्य विचाराचे श्रमच टाळीत असतो. इतकेंच दिसतें कीं, धातूविषयीं वाटणारी भीति पुष्कळ वेळां धर्माचा किंवा संस्कृतीचा वेष घेऊन येते, व तो वेष काढून तिला एकदां पाहिलें पाहिजे.

माझ्या मनांतील तो वेष आमच्या कुटुंबानें काढला. एके संध्याकाळीं मी फडताळाच्या महतीवर बोलत असतां ती शांतपणें म्हणाली, "अहो, फडताळ तुमच्या आजोबांचें, हें खरें. पण चाळीस वर्षें तें पुसलें मीं. त्याचा एक कप्पा तुम्हीं कधीं पुसला आहे काय?"

या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. लांकडाच्या ज्या गुळगुळीतपणावर मी लुब्ध होतों तो 'माणसाच्या हातानें' आला असें मी म्हणत होतों. पण कोणत्या माणसाच्या, हें विचारण्याचें मला सुचलें नव्हतें. दर दिवाळीस डबे उतरवून तेलकट फळ्या सोड्याच्या पाण्यानें घासणें, पावसाळ्यांत बुरशी पाहणें, सांध्यांतलीं झुरळांचीं अंडीं काडीनें काढणें, हें सगळें माझ्या रसिकतेच्या पाठीमागें निमूटपणें चाललेलें होतें. आमच्या गांवीं हुतात्मा राजगुरूंचा वाडा स्मारक म्हणून जपला आहे. १९०८ सालीं ज्या गांवांत त्यांचा जन्म झाला त्या गांवानें पुढें त्यांचेंच नांव घेतलें. त्या वाड्याचें लांकूड जपावें याविषयीं दुमत नाहीं. परंतु तेथील जतनाचा भार सगळा समाज उचलतो. घरांतील स्मृतीचा भार बहुधा एकाच व्यक्तीच्या मनगटांवर पडतो, आणि अभिमान मात्र सर्वांत वांटला जातो. ज्या सुखाची किंमत दुसरा देतो त्या सुखास तत्त्वाचें नांव देऊं नये, एवढा धडा मीं त्या संध्याकाळीं घेतला.

येथें प्रश्न संपला असें वाचकांस वाटेल. जो पुसतो त्याच्या मतास अग्रमान, हा नियम स्पष्ट आहे. पण नियम जसा घरांतील हातांना लागू तसा घराबाहेरील हातांनाहि लागू करावयास नको काय? सूनबाईंचा एक मुद्दा असा होता कीं, पत्रा घेतल्यानें झाड वांचतें. आमच्याच तालुक्यांत भीमाशंकरचें रान आहे. शेकरूसाठीं तें १९८५ पासून अभयारण्य आहे. तेव्हां हा मुद्दा मनास लागणारा होता. मीं थोडा शोध घेतला, आणि दोन्ही वाटा एकाच जिल्ह्यांत जाऊन मिळाल्या. उत्तम सागवानाविषयीं नांवाजलेलें आलापल्लीचें रान गडचिरोली जिल्ह्यांत, आणि लोहखनिजाची सूरजागडची खाण हीहि त्याच जिल्ह्यांत. त्या टेंकड्यांवरहि रानच आहे, आणि तेथील आदिवासी ग्रामसभांनीं खाणीस विरोध केलेला आहे. शिवाय एक टन पोलाद तयार होतांना सरासरीनें दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो. म्हणजे लांकूड घ्या कीं लोखंड घ्या, कोणाच्या तरी दारांतील कांहींतरी उचलूनच आपलें स्वयंपाकघर सजतें. झाड वांचविल्याचें पुण्य पत्र्याच्या पावतीवर छापून मिळत नाहीं.

मग निवड निरर्थक ठरते काय? मला तसें वाटत नाहीं. निर्दोष वस्तु मिळत नसेल तर दोन गोष्टी आपल्या हातीं राहतात: थोडें घेणें आणि घेतलेलें दीर्घकाळ वापरणें. चांगला पत्रा येथें उपयोगी पडतो. त्यास वाळवी लागत नाहीं, तो पेट घेत नाहीं, आणि आयुष्य संपलें तरी मोडींत जाऊन पुन्हा वितळतो. डिंकानें चिकटविलेल्या भुशाचा पुनर्जन्म इतका सोपा नाहीं. त्याचे दोषहि आहेत. तो वाजतो, आदळला तर पोचा येतो, नुसत्या रंग दिलेल्या पत्र्याची कडा खरवडली कीं तेथून गंज शिरतो. स्वस्ताच्या मोहानें हलका पत्रा घेणारा मनुष्य थोड्याच वर्षांत दुसऱ्यांदा घेतो, आणि खाणीचें ओझें दुप्पट करतो. म्हणून आम्हीं दुकानदारानें आंखून दिलेलीं नऊ कपाटें पांचावर आणलीं, आणि तेवढ्याच पैशांत जाड व न गंजणारा पत्रा घेतला.

एक मोह मात्र शेवटच्या घटकेस आडवा आला, आणि तो माझाच होता. दुकानदारानें पत्र्याचीं अशीं दारें दाखविलीं कीं ज्यांवर सागवानाच्या रेषा हुबेहुब छापल्या होत्या. मला वाटलें, तंटा मिटला. पुसणारीस पोलाद, पाहणाऱ्यास लांकूड! चिरंजीवहि खूष झाला. परंतु घरीं येतांना तें दार मनांत सलूं लागलें. त्यावरची रेषा कोणत्याहि झाडाच्या कोणत्याहि पावसाळ्याची नव्हती. लांकडाविषयींचें माझें प्रेम जर त्या छापानें तृप्त होत असेल, तर दोन महिने मी ज्यासाठीं भांडलों तें लांकूड नव्हतेंच. लांकूड असलेल्या घराचा मालक म्हणवून घेण्याची ती हौस होती. वस्तूनें ती जी आहे तीच दिसावें. आणि माणसाविषयींहि आपली अपेक्षा याहून निराळी नसते. दुसऱ्या दिवशीं मीं साधीं, पांढरट रंगाचीं दारें सांगून आलों. सूनबाई हंसल्या, त्यांना प्रथमपासून तींच हवीं होतीं.

राहिलें फडताळ. गांवगाड्याच्या बारा बलुत्यांत सुतार आणि लोहार हे दोघेहि शेजारीं बसत. नव्या कपाटांनीं दोघांसहि काम दिलें नाहीं, याची रुखरुख मला होती, आणि ती अजून आहे. फडताळाची सर्वांत खालची फळी ओलीनें कुजली होती. गांवांतील एका सुतारास बोलावून ती बदलून घेतली. त्यानें सांगितलेल्या मजुरींत घासाघीस केली नाहीं. आतां तें बाहेरच्या खोलींत उभें आहे व त्यांत पुस्तकें आहेत. तें पुसण्याचें काम माझ्याकडे आलें आहे. दर रविवारीं सकाळीं पुस्तकें उतरवितों, फडकें फिरवितों, सांध्यांतली धूळ काडीनें काढतों. पाठ भरून येते. आंतून स्वयंपाकघरांतील पत्र्याचें दार मिटल्याचा आवाज येतो, आणि त्याचा आतां मला पूर्वींसारखा राग येत नाहीं.